मार्व्हल टेल्स अ‍ॅन्युअल क्रमांक १ (१९६४): पारखून घेणं, पानं तपासणं आणि ओल्या हवेत जपणं

स्पायडर-मॅन पहिल्यांदा अवतरला तो 'अमेझिंग फँटसी'चा १५ वा अंक (ऑगस्ट १९६२) सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाऊन बरीच वर्षं झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची एक उत्तम राखलेली प्रत लिलावात ३६ लाख डॉलरना गेली. मात्र त्यातली स्पायडर-मॅनची अकराच्या अकरा पानं मार्व्हलने दोनच वर्षांनी पुन्हा छापली. त्याच काळातल्या कागदावर, त्याच पद्धतीच्या रंगांत आणि शेजारी थॉर, आयर्न मॅन, अँट-मॅन, हल्क यांच्या जन्मकथा घेऊन ती आली. तो अंक म्हणजे 'मार्व्हल टेल्स अ‍ॅन्युअल' क्रमांक १, साल १९६४, किंमत २५ सेंट, ७२ पानं.

संग्राहकांच्या जगात 'पुनर्मुद्रण' म्हटलं की थोडं नाक मुरडलं जातं. या अंकाच्या बाबतीत ते अन्यायाचं आहे. १९६२-६३ मधलं मार्व्हल एका बैठकीत, त्या काळच्या छपाईत वाचायचं असेल तर यापेक्षा चांगली सोय नाही. मात्र हा अंक घेताना साध्या कॉमिकचे नियम पुरत नाहीत. मुखपृष्ठ कितीही चमकत असो, आतली पानं पूर्ण आहेत का, हा इथला पहिला आणि सगळ्यांत मोठा प्रश्न आहे.

आत काय आहे, आणि किती आहे

अंकातल्या कथा कुठून आल्या ते आधी नीट माहीत हवं, कारण विक्रेत्यांच्या वर्णनात इथेच सर्वाधिक गडबड असते.

स्पायडर-मॅनची कथा 'अमेझिंग फँटसी' १५ मधली आहे, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची, ११ पानांची. थॉरची कथा 'जर्नी इन्टू मिस्टरी' ८३ (ऑगस्ट १९६२) मधली, १३ पानांची. लंगडणारा डॉक्टर डोनाल्ड ब्लेक, नॉर्वेतली गुहा, काठीचा होणारा हातोडा आणि शनीवरून आलेले दगडी आक्रमक हे सगळं त्यात आहे. अँट-मॅनची कथा 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' ३५ (सप्टेंबर १९६२) मधली, आयर्न मॅनची 'टेल्स ऑफ सस्पेन्स' ३९ (मार्च १९६३) मधली. या दोन्हीही १३-१३ पानांच्या.

उरलेलं साहित्य अंशरूपात आहे. 'इन्क्रेडिबल हल्क' १ (मे १९६२), 'सार्जंट फ्यूरी' १ (मे १९६३), अँट-मॅन बनलेला शास्त्रज्ञ हँक पिम जायंट-मॅन होतो तो 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' ४९ (नोव्हेंबर १९६३) आणि आयर्न मॅनचं लाल-सोनेरी चिलखत पहिल्यांदा दिसतं तो 'टेल्स ऑफ सस्पेन्स' ४८ (डिसेंबर १९६३) या चार अंकांमधली निवडक पानंच इथे आहेत.

हे गणित स्वतः करून पाहा. स्पायडर-मॅन ११, थॉर १३, अँट-मॅन १३, आयर्न मॅन १३, मिळून झाली ५०. बहात्तरांतून २२ उरली. हल्कच्या पहिल्या अंकातली कथा एकटीच २४ पानांची होती. म्हणजे त्या २२ पानांत जाहिराती, खास सदर आणि बाकीच्या चार अंकांतलं साहित्य बसवायचं, तर कात्री लागणारच. म्हणून 'हल्क १ चं संपूर्ण पुनर्मुद्रण' असं कुणी लिहिलं असेल तर त्याने अंक उघडून पाहिलेला नाही, एवढं नक्की समजा.

खास सदर म्हणजे मार्व्हलच्या कार्यालयातल्या मंडळींचे फोटो. तोवर वाचकांना ही माणसं फक्त नावाने ठाऊक होती, त्यांचे चेहरे वाचकांसमोर आणण्याचा तो प्रयत्न होता. कथा नसल्यामुळे ही पानं फाडून भिंतीवर लावली गेली, कापून वहीत चिकटवली गेली. प्रत तपासताना त्यांची वेगळी चौकशी करा.

अँट-मॅनबद्दल एक बारकावा. हँक पिम पहिल्यांदा आला तो 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' २७ (जानेवारी १९६२) मध्ये, एका सुट्या विज्ञानकथेतला शास्त्रज्ञ म्हणून. पोशाख आणि शिरस्त्राण घालून तो अँट-मॅन झाला ३५ व्या अंकात, आणि या संग्रहात तीच कथा आहे. मुंग्यांच्या वारुळात अडकण्याची ती पहिली गोष्ट हवी असेल तर ती इथे मिळणार नाही. फँटास्टिक फोरही नाहीत. एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स आणि डॉक्टर स्ट्रेंज यांच्या सुरुवातीच्या कथा पुढच्या वर्षी, १९६५ च्या दुसऱ्या अ‍ॅन्युअलमध्ये आल्या.

नावाचा घोळ सोडवा

'मार्व्हल टेल्स' एवढंच टाकून शोधलं तर भलतेच अंक समोर येतात. याच नावाचं एक भयकथांचं मासिक १९४९ ते १९५७ या काळात निघत होतं. ते 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स'चे क्रमांक पुढे चालवत ९३ पासून सुरू झालं आणि १५९ ला थांबलं. त्यात अतिमानवी नायकांच्या या कथांचा पत्ताच नाही.

आपली मालिका १९६४ ची. पहिले दोन अंक वार्षिक, जुलै १९६६ च्या तिसऱ्या अंकापासून ती नियमित निघू लागली आणि पार १९९४ पर्यंत, २९१ व्या अंकापर्यंत चालली. तिच्यातच मार्च १९८२ चा १३७ वा अंक आहे, ज्यात स्पायडर-मॅनची तीच जन्मकथा पुन्हा छापली आहे. 'मार्व्हल टेल्स, स्पायडर-मॅनचा जन्म' अशा त्रोटक वर्णनाखाली पुष्कळदा हा १९८२ चा अंक असतो. तो स्वस्त आहे, वाचायला चांगला आहे, पण आपण शोधतोय तो हा नव्हे.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. मुखपृष्ठावर २५ सेंट किंमत हवी. साल १९६४ हवं. बारकोड असता कामा नये, कारण कॉमिक्सवर बारकोड १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर आले. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशनाचा मजकूर असतो. अंकाचं नाव, क्रमांक आणि साल तिथे पडताळा. मुखपृष्ठ बदलता येतं, झाकता येतं, पण तो मजकूर सहसा खोटं बोलत नाही.

विक्रेत्याकडून कोणते फोटो मागवायचे

बहुतेक प्रती अमेरिकेतून किंवा ब्रिटनमधून येणार, म्हणजे हातात घेऊन बघण्याची सोय नाही. मग फोटोंवरच भिस्त. पुढचे फोटो मागवा, आणि विक्रेता टाळाटाळ करत असेल तर ती प्रत सोडून द्या. या अंकाच्या प्रती पुन्हा पुन्हा बाजारात येतात, घाई करण्याचं कारण नाही.

१. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून. पिशवीची चकाकी सुरकुत्या लपवते.
२. मुखपृष्ठ पुन्हा एकदा, पण दिवा एका बाजूने खाली धरून. तिरप्या प्रकाशात दुमडी, दाबलेल्या खुणा आणि पेनाने लिहिल्याचे वळ उठून दिसतात.
३. कणा, म्हणजे बांधणीची कड, संपूर्ण लांबीत, सरळ समोरून.
४. मुखपृष्ठाची आणि मलपृष्ठाची आतली बाजू. रंग भरून दोष लपवला असेल तर शाई इथे पाझरलेली दिसते.
५. प्रकाशनाचा मजकूर असलेलं पहिलं पान.
६. प्रत्येक कथेचं पहिलं आणि शेवटचं पान.
७. फोटोंचं सदर.
८. कूपन असलेली जाहिरातीची सगळी पानं.
९. अंक मिटलेला असताना पानांच्या तिन्ही उघड्या कडा.

आठव्या मुद्द्यावर जरा थांबू. त्या काळी वस्तू टपालाने मागवायची तर जाहिरातीतलं कूपन कापून पाठवावं लागे, आणि मुलं ते कापतच. पुढून जाहिरात गेली तर काय बिघडलं, असं वाटतं. पण पान उलटलं की मागे कथेची चौकट असू शकते. थॉरच्या लढाईला मधोमध चौकोनी भोक पडलेली प्रत कुणालाच नको असते. बाहेरून ती प्रत अगदी नीटनेटकी दिसते, आणि हीच फसगत आहे.

काय बिघडतं आणि का

साधं ३२ पानी कॉमिक मध्ये दुमडून मधोमध दोन पिना मारलेलं असतं. हा जाड अंक तसा नाही. त्याचा कणा चपटा आहे, पानांचा गठ्ठा बाजूने पिना मारून धरलेला आणि त्यावर कव्हर गोंदाने चिकटवलेलं. बरेचसे दोष याच बांधणीतून येतात.

साठ वर्षांत गोंद वाळून ठिसूळ झालेला असतो. कुणी अंक सपाट उघडला की कणा मधोमध तडकतो. कव्हर एकदम सुटून येत नाही. आधी कण्याचा तळ किंवा माथा अर्धा-एक सेंटीमीटर चिरतो, मग दर वाचनाला चीर पुढे सरकते. कव्हर सुटताना पहिलं किंवा शेवटचं पान सोबत ओढून फाडतं, म्हणून ती दोन पानं विशेष बघा. पिना कव्हरखाली लपलेल्या असल्याने गंज थेट दिसत नाही. पहिल्या पानाच्या डाव्या कडेला तपकिरी ठिपके उमटले असतील तर आत गंज धरला आहे असं समजा.

दुसरा दोष छापखान्यातलाच. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांत कव्हरच्या उजव्या कडेचे बारीक त्रिकोणी तुकडे उडालेले दिसतात. कागद कापणारं पातं बोथट असलं की कड सुरीने कापल्यासारखी न होता तुटत जायची, आणि हाताळणीत ते तुकडे गळायचे. संग्राहक याला 'मार्व्हल चिपिंग' म्हणतात. दोष जन्मजात असला तरी दर्जा ठरवताना धरला जातोच.

तिसरा, कागदाचा. आतला कागद वर्तमानपत्री, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य हवा आणि उजेडाने पिवळं पडतं, आम्ल वाढत जातं, आणि हे कडेपासून आत सरकतं. पानाच्या मध्यभागी फिकट आणि कडेला गडद तपकिरी पट्टा असेल तर प्रत उघड्यावर राहिलेली आहे. रंगापेक्षा ठिसूळपणा गंभीर. पिशवीच्या तळाशी कागदाचा भुगा साचलेला दिसला तर दर काहीही असो, ती प्रत घेऊ नका. पिवळेपणा मंदावता येतो, ठिसूळ झालेला कागद परत मऊ होत नाही.

आणि माणसांनी केलेले उद्योग. काळ्या कण्यावर मार्कर फिरवणं, कडा छाटून ताज्या दाखवणं, दुसऱ्या फाटक्या प्रतीतून पानं आणून बसवणं. छाटलेल्या प्रतीची कड संशयास्पद सरळ आणि पांढरी असते. हा अंक साधारण १८ सेंटीमीटर रुंद आणि २६ सेंटीमीटर उंच असायला हवा, आणि दोन-तीन मिलिमीटरने कमी भरला तरी प्रश्न विचारा. परकं पान ओळखायचं तर कडांकडे बघा. एकाच पानाची पिवळी छटा शेजारच्या पानांशी जुळत नसेल, किंवा ते किंचित बाहेर डोकावत असेल, तर ते मागाहून आलेलं आहे.

दर्जा आणि दाम

दर्जाची पट्टी ०.५ ते १०.० अशी आहे. २.० म्हणजे भरपूर वापरलेली पण पूर्ण प्रत, ४.० ला ठळक दुमडी चालतात, ६.० ला कव्हरवर थोडी झीज पण एकूण देखणी, ८.० च्या पुढे बारीक दोष शोधावे लागतात. जाड चपट्या कण्याचे अंक वरच्या दर्जात कमी टिकले, कारण कणा वाचला तरच दर्जा वाचतो. त्यामुळे ६.० आणि ८.० मधला किमतीतला फरक इथे मोठा असतो.

वाचण्यासाठी घेत असाल तर ३.० ते ४.० ची, कणा अखंड असलेली, सगळी पानं असलेली प्रत हा सर्वोत्तम सौदा. मुखपृष्ठावर कुणाचं नाव लिहिलेलं असेल, कोपरे गोलावले असतील, तरी हरकत नाही. त्याच पैशात ५.० ची पण फोटोंचं सदर गायब असलेली प्रत मिळत असेल तर ती नाकारा.

सीजीसीसारख्या संस्था अंक तपासून, पानं मोजून, कडक प्लास्टिकच्या पेटीत सील करून देतात. निळं लेबल म्हणजे दुरुस्ती न केलेली प्रत, जांभळं म्हणजे दुरुस्त केलेली, हिरवं म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून दर्जा दिलेली. हिरव्या लेबलवरची बारीक ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, कापलेलं कूपन बहुधा तिथेच नोंदलेलं असतं. सीलबंद प्रतीचा फायदा असा की पानं पूर्ण असल्याची खातरजमा आधीच झालेली असते. तोटा असा की ती वाचता येत नाही, आणि हा अंक वाचण्याचाच आहे. गुंतवणूक म्हणून बघणाऱ्यांनी सीलबंद घ्यावी, बाकीच्यांनी सुटी.

दाम ठरवताना विक्रेते काय मागतात याकडे पाहू नका, प्रत्यक्ष काय विकलं गेलं ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी बघता येते. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे आकडे असतात. एकाच दर्जाच्या किमान चार-पाच विक्री बघून मधला आकडा धरा आणि त्यात टपाल, विमा, कस्टम ड्यूटी मिळवा. आयातीचे दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी कुरियर कंपनीला विचारून घ्या. पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. कमी किंमत लिहिली आणि पार्सल हरवलं, तर विम्याचे पैसेही तेवढेच कमी मिळतात.

बांधणीबद्दल विक्रेत्याला लेखी सूचना द्या. अंक पिशवीत, मागे बोर्ड, मग दोन्ही बाजूंना खोक्याच्या पुठ्ठ्याचे अंकापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मोठे तुकडे, एका पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे तो कुठूनही वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावायची, पिशवीला नाही. सगळं पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकमध्ये, आणि पाकिटात न घालता खोक्यात. जून ते सप्टेंबर मागवणं टाळता आलं तर उत्तम.

हातात आल्यावर

पार्सल आल्या आल्या उघडू नका. एसी गोदामातून दमट खोलीत आलेल्या वस्तूवर बाष्प धरतं. चार-सहा तास तसंच राहू द्या. मग हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, स्वच्छ टेबलावर अंक ठेवा. सुती मोजे नकोत, त्यांनी पानाची कड जाणवत नाही आणि फाटते.

ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या संकेतस्थळावर या अंकाची कथावार नोंद फुकट बघता येते. ती कागदावर उतरवून घ्या. अंक नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडायचा नाही. डाव्या बाजूला कव्हरखाली दुमडलेला स्वच्छ टॉवेल ठेवा म्हणजे कण्यावर ताण येत नाही. पान वरच्या उजव्या कोपऱ्यातून, बोटाच्या सपाट भागाने उलटा. कथांच्या पानांवरचे क्रमांक वाचत जा: स्पायडर-मॅन १ ते ११, मग १३-१३ च्या तीन कथा. अंशरूपातल्या कथांचे क्रमांक मध्येच तुटतील, तिथे पान गेलं म्हणून घाबरू नका, नोंदीशी जुळवा. जाहिरातीही मोजा. एखादं पान कमी असेल तर लगेच फोटो काढून विक्रेत्याला कळवा. परतीची मुदत दिवसांत मोजली जाते.

शेवटी वास घ्या. जुन्या कागदाचा किंचित आंबूस, गोडसर वास ठीक. कुबट, ओलसर वास म्हणजे बुरशी. अशी प्रत बाकी संग्रहाजवळ नेऊ नका.

वाचायचा क्रम

अंकात कथा ज्या क्रमाने लागल्या आहेत तसं वाचण्यापेक्षा मूळ प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. हल्क (मे १९६२), थॉर आणि स्पायडर-मॅन (दोन्ही ऑगस्ट १९६२), अँट-मॅन (सप्टेंबर १९६२), आयर्न मॅन (मार्च १९६३), सार्जंट फ्यूरी (मे १९६३), जायंट-मॅन (नोव्हेंबर १९६३) आणि शेवटी आयर्न मॅनचं नवं चिलखत (डिसेंबर १९६३). वीस महिन्यांत एक प्रकाशनसंस्था कशी बदलत गेली ते डोळ्यांपुढून सरकतं.

थॉरची कथा अजून राक्षसकथांच्या साच्यातली आहे, अवकाशातून आलेले शत्रू आणि जॅक कर्बीची धिप्पाड चित्रं. अँट-मॅनमध्ये कम्युनिस्ट हेर, आयर्न मॅनमध्ये व्हिएतनाम. शीतयुद्धाची भीती जवळजवळ प्रत्येक कथेत मुरलेली आहे. आणि त्या गर्दीत स्पायडर-मॅनची अकरा पानं अगदी वेगळी पडतात, कारण तिथे शत्रू बाहेरून येत नाही. शेवटच्या चौकटीतलं सामर्थ्य आणि जबाबदारीचं ते प्रसिद्ध वाक्य नीट बघा. ते काका बेनच्या तोंडी नाही, निवेदनाच्या पट्टीत आहे. ते काकांच्या तोंडी आलं ते पुढे.

रंगांकडेही लक्ष असू द्या. हल्क त्याच्या पहिल्या अंकात राखाडी होता. तो रंग छपाईत सारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला, आणि पुढची जवळजवळ दोन दशकं त्या जन्मकथेच्या पुनर्मुद्रणांतही त्याला बहुधा हिरवंच रंगवलं गेलं. म्हणून मूळ रंगसंगती जाणून घेण्यासाठी कुठलंही जुनं पुनर्मुद्रण एकट्याने पुरावा मानू नये. त्या शेजारी मूळ अंकाची स्कॅन केलेली पानं ठेवून चौकट-चौकट ताडणं हा अभ्यासाचा आनंद वेगळाच आहे.

कथा पानांत बसवण्यासाठी कापायची ही रीत फक्त अमेरिकेची नव्हे. त्याच १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईतून टाइम्स समूहाचे 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले, आणि वेताळाचा जनक ली फॉक याच्या वृत्तपत्री चित्रमालिकाही तिथे अंकाच्या पानसंख्येत बसतील अशा आटोपून छापल्या गेल्या. मराठी इंद्रजालमधला वेताळ जपणाऱ्यांनी चौकटी मोजण्याची हीच सवय तिथेही लावून घ्यावी.

जपणूक: आपल्या हवेत

अमेरिकी मार्गदर्शनात लिहिलेली 'थंड, कोरडी जागा' मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जुलैत अस्तित्वात नसते. कागदाला साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. ६५-७० च्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८० च्या वर सहज असते. विदर्भ-मराठवाड्यात उलटा प्रश्न, उन्हाळ्यातली कोरडी भट्टी कागद आणि गोंद दोन्ही वाळवते.

पिशवी मायलारची घ्या, म्हणजे पॉलिएस्टरची. ती महाग असली तरी दशकानुदशकं टिकते. पॉलिप्रोपिलीन चालेल, पण पाच-सात वर्षांनी बदलावी लागते. पीव्हीसीची, म्हणजे बाजारात फाइलसाठी मिळणारी मऊ वासाची पिशवी अजिबात नको, ती शाई ओढून घेते. माप महत्त्वाचं: त्या काळच्या साध्या अंकांसाठीची पिशवी ७⅛ इंच रुंद असते, पण ७२ पानी जाड अंक त्यात घालताना कव्हरचे कोपरे दुमडतात. त्याऐवजी चाळीस-पन्नासच्या दशकातल्या मोठ्या अंकांसाठीची ७¾ × १०½ इंचाची घ्या. मागचा बोर्ड आम्लरहित आणि कॅल्शियम कार्बोनेट असलेला हवा, आणि त्याची गुळगुळीत बाजू अंकाकडे. साधा पुठ्ठा आम्ल सोडतो आणि मलपृष्ठावर तपकिरी सावली उमटवतो.

पिशवीबंद अंक रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. वीस-पंचवीस लिटरच्या डब्याला कापडी पुड्यांत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. रंग बदलणारी जेल सोयीची, पण निळी टाळा, तिच्यात कोबाल्टचं संयुग असतं. नारिंगी घ्या. रंग उतरला की पुड्यांतून जेल काढून ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास तापवा, पूर्ण गार झाल्यावर परत भरा. आकडा ३५ च्या खाली गेला तर एक पुडी कमी करा, फार कोरडेपणा कण्याचा गोंद फोडतो. डबा पावसाळ्याच्या मध्यावर उघडून भरू नका. मे महिन्यात, किंवा एसी चालू असलेल्या खोलीत भरा, म्हणजे आत कोंडली जाणारी हवाच कोरडी असते.

अंक उभा ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी आधार देऊन, कलता नको, नाहीतर जाड अंकाचा कणा तिरका होतो. एक-दोनच अंक असतील तर आडवा ठेवणं बरं, वर फार तर आठ-दहा अंकांचं वजन. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं लोखंडी कपाट, स्वयंपाकघराशेजारची खोली, माळा या तिन्ही जागा वर्ज्य. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ कागदात मुरते आणि काही प्लास्टिकं मऊ करते.

फाटलं म्हणून सेलोटेप लावायची नाही, डाग म्हणून खोडरबर फिरवायचं नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदातच उतरतो आणि मग तज्ज्ञालाही पुरता काढता येत नाही. कव्हर सुटलं असेल तर सुटंच ठेवून दोन्ही भाग एका पिशवीत ठेवा. जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडणारा कागद-संवर्धक मिळाला तरच पुढे जा, आणि ते काम झाल्याचं विकताना सांगा.

कसर लागली असेल, म्हणजे कव्हरचा चकचकीत थर खरवडल्यासारखा दिसत असेल किंवा पिशवीत चंदेरी किडे आढळले, तर अंक दोन झिप पिशव्यांत, हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद राहू द्या. लगेच उघडली तर थंड कागदावर पाणी धरतं. नंतर मऊ रुंद ब्रशने अंडी आणि भुगा झटका, पिशवी आणि बोर्ड दोन्ही फेकून द्या, डबा स्पिरिटने पुसून वाळवा आणि त्या डब्यातला बाकीचा प्रत्येक अंक तपासा. पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी पिशव्यांचे तळ बघत राहा.